बारामती-इंदापूर परिसरातील आद्य वारीमार्ग

लोणी भापकर येथे दर्शनास येणारे अनेक भाविक विचारतात की, श्री तुकाराम महाराजांची पालखी या लोणीत मुक्कामास असते काय? पालखीच्या मुक्कामाचे लोणी ते हवेली तालुक्यातील लोणी काळभोर होय. आपले लोणी भापकर बारामती तालुक्याच्या पश्चिमेकडील जिरायत पट्ट्यात, मोरगावच्या श्रीमयूरेश्वर क्षेत्राजवळ वसलेले आहे. तथापि या तालुक्याचा पूर्वभाग ज्या मार्गाने पावन झाला, त्याचा इतिहास प्रत्येक भाविकाने जाणून घ्यावा असाच आहे.

पंढरीची वारी संत ज्ञानदेवांच्याही पूर्वीची मानली जाते. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी इ. स. 1685 मध्ये पालखी सोहळ्याची प्रथा सुरू केली. पालखीत पादुका ठेवून, टाळ-मृदंगाच्या गजरात सर्वांनी एकत्र चालावे, अशी ही योजना होती. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींचा सोहळा स्वतंत्रपणे सुरू केला.

आज हे दोन्ही सोहळे हडपसर येथे वेगळे होतात. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडकडे जाते. तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड या सपाट प्रदेशातून येते व रोटी घाट ओलांडून उंडवडी गवळ्याची येथे पोहोचते. तेथून बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवडी, निमगाव केतकी, इंदापूर असा प्रवास करीत सराटी येथे नीरास्नान होते व पालखी अकलूजकडे प्रयाण करते. काटेवाडीस परीट समाज धोतरांच्या पायघड्या अंथरतो आणि मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवडीस गोल रिंगण होते.

हा मार्ग कोणा एका राजाने बांधलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या पावलांनी तो रुळला. पायी चालणाऱ्यास मुख्यतः तीन गोष्टी लागतात: पाणी, सावली आणि पाठ टेकण्यास जागा. म्हणूनच विहीर खोदणे, वृक्ष लावणे व धर्मशाळा बांधणे ही आपल्याकडे पुण्यकर्मे मानली गेली. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर (1725–1795) यांनी भारतभर तीर्थक्षेत्री घाट, विहिरी व धर्मशाळा बांधून हा आदर्श घालून दिला.

येथील यादवकालीन श्रीमल्लिकार्जुन मंदिरासमोरील पुष्करिणीकडेही याच दृष्टीने पाहावे. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारे हे दगडी कुंड व त्यातील देवकोष्ठे केवळ शोभेसाठी नाहीत. कमी पावसाच्या या प्रदेशात जलसंचय हीच देवसेवा होती.

दि. 8 नोव्हेंबर 2021 रोजी पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. पाटस, बारामती, इंदापूर या मार्गास राष्ट्रीय महामार्ग 965-जी असा क्रमांक असून, त्यालगत वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाटेची योजना आहे. रस्ता रुंद झाला तरी ज्येष्ठातील उन्हात चालणाऱ्यास झाडाची सावली व घोटभर पाणी लागणारच. ते केवळ डांबराने मिळत नाही.

म्हणून भाविकांनी पुष्करिणीत निर्माल्य अथवा प्लास्टिक टाकू नये आणि प्राचीन शिल्पांना रंग किंवा तेल लावू नये. दानशूर भक्तांनी कळस-कमानींबरोबरच एखादे झाड जगविण्याचा, एखादी पाणपोई चालविण्याचाही संकल्प करावा. वाट चालणाऱ्याची तहान भागविणे, ही त्या वाटेचीच पूजा होय.