मेढा ते लंडन: प्रवासाचा वेळ असा काढा

मुलगी शिकायला किंवा मुलगा नोकरीला लंडनला निघाला की घरात पहिला प्रश्न येतो, किती तास लागतात? तिकिटावरचे तास विमानाचे असतात. सातारा जिल्ह्यातल्या मेढ्याच्या माणसाने हिशेब आपल्या उंबऱ्यापासून करावा.

आधी अंतर. शाळेतला पृथ्वीगोल घ्या, मुंबई आणि लंडन यांवर दोरा ताणून धरा. सपाट नकाशावर मोजू नका. तिथली सरळ रेषा गोलावर सर्वांत जवळची नसते. गोलाचा घेर १०० सेंटिमीटर असेल तर दोरा साधारण १८ सेंटिमीटर भरतो. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, म्हणजे एक सेंटिमीटरला ४०० किलोमीटर. अंतर आलं सुमारे ७,२००.

त्याला ताशी ८५० ने भागा, साडेआठ तास येतात. चढ-उतार आणि धावपट्टीवरचा वेळ म्हणून पाऊण तास वाढवा. जाताना आणखी थोडा वेळ धरा, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि लंडनला जाणाऱ्या विमानाला ते समोरून येतात. येताना तेच वारे पाठीशी असतात. शिवाय विमान दोऱ्यासारखं सरळ जात नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा कित्येक मार्गांना वळसा पडला. जाण्याचे दहा तास धरलेले बरे.

आता तिकीट पडताळा. त्यावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. मुंबईहून दुपारी २ ला सुटून लंडनला संध्याकाळी साडेसहाला पोहोचत असेल, तर साडेचार तासांत दोन्हीकडच्या घड्याळांतला साडेपाच तासांचा फरक मिळवा, दहा झाले. हे हिवाळ्यात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा साडेचारच मिळवायचे.

याच साताऱ्यातून, इंग्रजांनी गादीवरून काढलेल्या छत्रपती प्रतापसिंहांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले, तेव्हा सुएझ कालवाही नव्हता. तो १८६९ साली खुला झाला. त्या प्रवासाचा हिशेब महिन्यांत व्हायचा.

मग सगळ्यांत महत्त्वाचं, उलटी मोजणी. विमान दुपारी २ चं, विमानतळावर ११ ला हजर. मेढ्याहून कुडाळमार्गे पाचवडला महामार्ग गाठून मुंबई अडीचशे किलोमीटरांहून जास्त पडते. गाडीला सहा तास, वर दीड तास राखीव. पावसाळ्यात आणि शनिवार-रविवारी यात कपात करू नका. निघायचं पहाटे साडेतीनला! साडेतीनपासून लंडनला उतरेपर्यंत, म्हणजे आपल्या रात्री बारापर्यंत, साडेवीस तास होतात. त्यातले निम्मेच हवेत.

एसटीने जाणाऱ्यांनी आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. आणि तिकिटावरचा विमानतळ नीट वाचा: डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटू लागली आहेत.

परतीचं विमान रात्री उतरत असेल, तर आणायला येणाऱ्या चालकाची मुंबईत आधी झोप होईल अशी सोय करा. दिवसभर गाडी चालवून आलेल्या माणसाला पहाटे खंबाटकीचा घाट चढायला लावू नका.