हिवतापाच्या लसीचा पाया घालणाऱ्या डॉ. रूथ नुसेन्झ्वाइग

देवी, घटसर्प, पोलिओ या रोगांवर लस निघाली. मग ज्या हिवतापाने माणसाला हजारो वर्षे छळले, त्यावर लस निघण्यास एवढा विलंब का लागावा, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर रोगाच्या कारणातच दडलेले आहे. देवी व पोलिओ विषाणूंमुळे होतात, घटसर्प जीवाणूमुळे होतो. हिवताप मात्र प्लाझ्मोडियम या एकपेशीय परजीवीमुळे होतो. विषाणूच्या मानाने याची रचना फारच गुंतागुंतीची असून तो बहुरूपी आहे. डासाच्या लाळेतून तो सूत्रासारख्या आकारात शरीरात शिरतो. या रूपास स्पोरोझोइट म्हणतात. अर्ध्या-एक तासात तो यकृतात पोहोचतो, तेथे वाढून निराळे रूप घेतो आणि मग रक्तात उतरून तांबड्या पेशी फोडू लागतो. रुग्णाला थंडी वाजते ती या शेवटच्या टप्प्यात. एका रूपाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे दुसऱ्या रूपापुढे बहुधा निष्प्रभ ठरतात. एकदा हिवताप येऊन गेलेल्या माणसालाही तो पुन्हा येतो, तो यामुळेच.

अशा शत्रूविरुद्ध लस शक्य आहे, हे प्रयोगाने प्रथम भक्कमपणे दाखविण्याचे श्रेय डॉ. रूथ नुसेन्झ्वाइग यांच्याकडे जाते.

त्यांचा जन्म १९२८ मध्ये व्हिएन्ना येथे झाला. आईवडील दोघेही डॉक्टर व ज्यू. १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर या कुटुंबाला देश सोडून ब्राझीलचा आश्रय घ्यावा लागला. साऊ पाउलू येथे वैद्यकीय शिक्षण घेत असताना सहाध्यायी व पुढे पती झालेले व्हिक्टर नुसेन्झ्वाइग यांच्यासह त्या परजीवींच्या अभ्यासाकडे वळल्या. ब्राझीलच्या खेड्यांत कुडाच्या घरांतील ढेकणासारख्या कीटकामुळे पसरणारा चागास हा रोग दान केलेल्या रक्तातूनही पसरतो. साठवलेल्या रक्तात जेन्शियन व्हायोलेट, म्हणजे आपल्या दवाखान्यांत जखमेवर लावले जाणारे जांभळे औषध, मिसळले असता हे परजीवी मरतात, असे या तरुण संशोधकांच्या गटाने १९५३ च्या सुमारास दाखविले. लॅटिन अमेरिकेतील रक्तपेढ्यांनी हा उपाय अनेक वर्षे वापरला. पुढे १९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्करी राजवट आली आणि या दांपत्याने न्यूयॉर्क विद्यापीठात कायमचे बस्तान बसविले.

तेथे त्यांनी हिवतापाचा प्रश्न हाती घेतला. काळ मात्र लसीच्या संशोधनास अनुकूल नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने १९५५ मध्ये हिवताप निर्मूलनाची मोहीम हाती घेतली होती आणि डीडीटीच्या फवारणीने रोग हटेल असा सर्वत्र विश्वास होता. भारतात १९४७ च्या सुमारास वर्षाकाठी साडेसात कोटी रुग्ण असत. १९६५ पर्यंत ही संख्या सुमारे एक लाखावर आली होती. मग लस हवी कशाला, असे अनेकांना वाटले असल्यास नवल नाही.

क्ष-किरणांचा प्रयोग

आफ्रिकेतील काँगोमध्ये रानउंदरांत १९४८ मध्ये सापडलेला प्लाझ्मोडियम बर्घेई हा परजीवी डॉ. रूथ यांनी निवडला. बाधित डासांच्या लाळग्रंथींतून स्पोरोझोइट काढून त्यांवर क्ष-किरणांचा मारा करण्यात आला व ते उंदरांना टोचण्यात आले. क्ष-किरणांनी दुबळे झालेले परजीवी यकृतात शिरत, पण पुढे वाढू शकत नसत. त्यामुळे रोग होत नसे. नंतर याच उंदरांना सशक्त परजीवी टोचले असता त्यांतील बहुसंख्य सुरक्षित राहिले. किरणांची मात्रा नेमकी असावी लागे : कमी पडली तर रोगच जडे, अधिक झाली तर संरक्षण मिळत नसे. हे निष्कर्ष १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. १९७३ मध्ये मेरीलँड विद्यापीठात स्वयंसेवकांना अशाच किरणोपचारित डासांकडून चाववून घेण्यात आले, आणि माणसातही संरक्षण संभवते हे सिद्ध झाले.

तथापि ही लस नव्हे. एका माणसासाठी शेकडो डासांचे दंश लागत. ही पद्धत लाखो मुलांसाठी कोण व कशी वापरणार? तेव्हा शरीर या परजीवीच्या नेमक्या कोणत्या भागाला ओळखते, याचा शोध सुरू झाला. १९८० च्या सुमारास या प्रयोगशाळेने स्पोरोझोइटच्या पृष्ठभागावरील एक प्रथिन वेगळे ओळखले. १९८४ मध्ये माणसाला होणाऱ्या घातक फाल्सिपेरम हिवतापातील त्याच प्रथिनाचे जनुक हाती आले. त्यात चार अमिनो आम्लांची एकच साखळी पुन्हा पुन्हा येते, असे दिसले.

दरम्यान डीडीटीला न जुमानणारे डास वाढले होते आणि भारतात १९७६ मध्ये रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली होती. लस आता कोणाला अनावश्यक वाटत नव्हती. काही वर्षांतच ती येईल अशा घोषणाही झाल्या, त्या खोट्या ठरल्या. १९८७ मध्ये या प्रथिनाचा कृत्रिम तुकडा धनुर्वाताच्या लसद्रव्याला जोडून माणसांवर वापरला, तेव्हा मर्यादित संरक्षण मिळाले. त्याच वर्षी दुसऱ्या गटांनी हाच भाग कावीळ ब च्या प्रथिनाला जोडून आरटीएस,एस ही लस बनविण्यास आरंभ केला. आफ्रिकेतील सात देशांत १५ हजारांहून अधिक मुलांवर तिची चाचणी झाली; चार मात्रांनंतर चार वर्षांच्या काळात रुग्णांचे प्रमाण सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. गोवर वा पोलिओच्या लसीशी तुलना करता हा आकडा लहानच आहे. परंतु २०२३ मध्ये जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार बळी गेले व त्यांत बहुसंख्य आफ्रिकेतील पाच वर्षांखालील मुले होती, हे पाहता तो उपेक्षणीय म्हणता येणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने या लसीची शिफारस ऑक्टोबर २०२१ मध्ये केली. डॉ. रूथ यांचे निधन एप्रिल २०१८ मध्ये झाले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस झालेली आर२१ ही दुसरी लस ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केली. तिचे उत्पादन पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट करते. तिचाही आधार तेच प्रथिन आहे.

या दोन्ही लसी फाल्सिपेरम हिवतापासाठी आहेत. आपल्याकडे आढळणाऱ्या व्हायव्हॅक्स हिवतापाचे परजीवी यकृतात महिनोन्‌महिने सुप्त राहून पुन्हा उठतात. त्यावर यांचा उपयोग नाही. गडचिरोलीसारख्या वनप्रदेशांत रक्तनमुन्यांची तत्काळ तपासणी, पूर्ण औषधोपचार, औषधी मच्छरदाण्या आणि साचलेल्या पाण्याचा बंदोबस्त हीच कामे ग्रामपंचायतींना व आरोग्य कर्मचाऱ्यांना करावी लागतात. आफ्रिकेतही लस दिली जाते ती या उपायांच्या जोडीनेच.