सहा महिने भरले, आता बाळाला वरचं काय द्यायचं?

मैत्रिणींनो, सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध, उन्हाळ्यातसुद्धा वरचं पाणी नको, हे आता बऱ्याच घरांत पटलंय. घोळ होतो तो त्याच्या पुढे. सहा महिने म्हणजे 180 दिवस झाले की नुसतं दूध पुरत नाही. जन्मताना बाळाच्या अंगात असलेला लोहाचा साठा याच सुमारास संपत येतो, आणि आईच्या दुधात लोह कमीच असतं. दूध दोन वर्षं किंवा पुढेही पाजायचंच, पण सोबत घास हवा.

इथे उष्टावण आडवं येतं. मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात अशी रीत आहे. मुलीचं पाचव्यात केलं तर फार लवकर होतं. मुलाला सहावा लागल्या लागल्या केलं, तरी पाचच महिने भरलेले असतात. आणि मामाला सवड नाही म्हणून आठव्या-नवव्यावर गेलं, तर मधले दिवस बाळ उपाशी. उष्टावण हौसेने करा, सवडीने करा. घास मात्र सहा महिने पूर्ण झाले की सुरू करा.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा. मऊ भात आणि मुगाचं घट्ट वरण कुस्करून, वर थोडं तूप नाहीतर तेल. नाचणीची खीर, केळं, उकडलेलं रताळं, लाल भोपळा. घरात चालत असेल तर पूर्ण शिजलेलं अंडंही. आपल्याकडे डाळीवरचं पाणी आणि पातळ पेज देतात. बाळाचं पोट एवढंसं, ते पाण्यानेच भरतं आणि अंगाला काही लागत नाही. चमचा तिरपा करून बघा. सगळं झरकन ओघळलं तर पातळ आहे, चमच्यावर टिकलं तर बरोबर.

हळूहळू वाढवत आठव्या महिन्यापर्यंत एका वेळी अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा, थोडं जाडसर. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, घरच्याच जेवणातलं, तिखट न घालता. वाटी मोठी, पाव लिटरची धरा. बाळाची वाटी वेगळी ठेवा, म्हणजे किती खाल्लं ते कळतं. थुंकलं तर जबरदस्ती नको. दोन दिवसांनी तेच पुन्हा द्या.

वर्षाच्या आत मध बोटभरही चाटवू नका, त्यातून विषबाधा होऊ शकते. मीठ-साखरही नको. चहा-बिस्कीट तर नकोच. चहामुळे जेवणातलं लोह अंगाला लागत नाही.

आई रोजावर गेली की भरवते आजी. म्हणून या महिन्याच्या बैठकीला सासूबाईंनाही आणा, आणि ते चमच्याचं त्यांच्यासमोरच करून दाखवा. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरपोच आहार मिळतो. ते पाकीट बाळाच्या नावाचं आहे, सगळ्या घराचं नाही. (आणि म्हशीचं तर नाहीच.) लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा कसं द्यायचं, ते आशाताईंना विचारा.

बाळाला जुलाब लागले, ताप आला, तरी खाणं बंद करू नका. थोडं थोडं, जास्त वेळा द्या, दूध चालू ठेवा. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक वेळ जादा भरवा.