ट्रॉलीचे चाक बदलताना

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथला कारागीर हंडा घडवताना एकाच जागी ठोकत बसत नाही. हंडा फिरवीत सगळीकडे सारखे ठोके देतो. ट्रॉलीचं चाक बसवतानाही आपण हेच ध्यानात ठेवू.

आधी ट्रॉली रिकामी करू. ती सपाट, कठीण जमिनीवर उभी करू. ट्रॅक्टर जोडलेला ठेवू, पण बंद करू. दुसऱ्या चाकाला पुढून-मागून दगड लावू. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करू. मग आसाखाली जॅक लावून चाक उचलू. जॅकवरच्या ट्रॉलीखाली कुणी शिरायचं नाही बरं!

नवं चाक जुन्याच मापाचं हवं. भोकं तेवढीच, तेवढ्याच अंतरावर हवीत. जमत नाही म्हणून भोक कोरून मोठं करू नये. चाक टेकतं त्या जागेची माती, गंज काढू.

नटाची एक बाजू निमुळती असेल, तर ती चाकाकडे ठेवू. नट आधी हाताने फिरवू, मग पाना घेऊ. एक आवळला की त्याच्या समोरचा आवळू. ओळीने आवळले तर चाक तिरपं बसतं. ट्रॉली खाली उतरवून नट त्याच रीतीने पुन्हा घट्ट करू.

काम संपलं का? नाही. थोडं चालल्यावर नट सैल पडू शकतात. म्हणून वाटेत थांबून पुन्हा आवळू. पाच मिनिटं गेली तर काय बिघडलं? सुटलेलं चाक कुणाच्या तरी अंगावर जातं. रस्त्यावर आपलीच माणसं असतात.