खडक फोडणारी हवा

आमच्या नांदेड-लातूरकडील ज्या शेतकऱ्यानें एक विहीर खोदविली आहे, त्यास भूगर्भशास्त्राचा पहिला धडा निराळा द्यावा लागत नाहीं. वर काळी माती, तिच्याखालीं मुरूम, आणि मुरुमाखालीं काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे कोट्यवधि वर्षांपूर्वीं थरावर थर पसरून थिजलेला शिलारस होय. १९९३ च्या भूकंपानंतर संशोधकांनीं किल्लारीजवळ भोंक पाडून पाहिलें, तेव्हां त्याची जाडी सुमारें ३३८ मीटर भरली. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस देगलूर-बिलोलीच्या बाजूला हा थर संपून ग्रॅनाइट लागतो. तोहि कांहीं मऊ नव्हे.

ह्या खडकाच्या भेगांतून जें झिरपेल तेंच आमचें पाणी. २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें, हें पुष्कळांस आठवत असेल. म्हणून विहिरी खोल जात राहतात, आणि प्रत्येक विहिरीच्या कांठावर जॅकहॅमरचा तो कानठळ्या बसविणारा आवाज ऐकूं येतो.

हा आवाज कशाचा, हें दाखविण्याकरितां आम्ही गेल्या माघांत नववीच्या वर्गास घेऊन एका शेतांत गेलों. ट्रॅक्टरास जोडलेला कॉम्प्रेसर हवा दाबून तिचा दाब सहा-सातपट करीत होता, आणि ती हवा जाड रबरी नळीनें खालीं उतरत होती. यंत्राच्या पोटांत पोलादी नळकांडें असून त्यांत एक जड दट्ट्या खालींवर धांवतो. झडप हवेला दट्ट्याच्या वर सोडते, तसा तो वेगानें खालीं येऊन छिन्नीच्या टोकावर आदळतो. आदळण्याच्या बेतांत असतांनाच नळकांड्याच्या भिंतींतील एक भोंक उघडें पडतें व वापरलेली हवा फुस्सकन् बाहेर पडते. यंत्राच्या गर्जनेंत मोठा वांटा ह्या सुटणाऱ्या हवेचा आहे. इतक्यांत झडप पालटते, हवा दट्ट्याच्या खालीं शिरते आणि तो वर जातो. असें एका मिनिटांत हजार-दोन हजार वेळां घडतें!

येथें एक गोष्ट मुलांच्या ध्यानांत चटकन् येईना. दट्ट्या छिन्नीला जोडलेला नसतो; घण जसा पहारेवर पडून उचलला जातो, तसाच तो पडतो व परततो. परंतु पाथरवट प्रत्येक घावानंतर पहार किंचित् फिरवितो, नाहीं तर ती त्याच खांचेंत रुतून बसेल. तें फिरविणें ह्या यंत्रांत कोण करितें? दट्ट्याच्या आंत मळसूत्री खांचांचा एक दांडा असतो. दट्ट्या वर जातांना त्या खांचांमुळें थोडा वळतो, आणि आपणाबरोबर छिन्नीलाहि वळवितो. छिन्नी आंतून पोकळ असते. तिच्यांतून हवा फुंकून छिद्रांतील भुकटी बाहेर काढितात.

“गुरुजी, वीज असतांना हवा कशाला?” असें एकानें विचारिलें. प्रश्न चांगला होता. विहिरीच्या तळाशीं गुडघाभर पाणी असतें. तेथें विजेच्या तारेचें भय, हवेच्या नळीचें नाहीं. शिवाय जड इंजिन वर राहतें व हातांतील यंत्र पंचवीस किलोंच्या आसपास राहूं शकतें.

जॅकहॅमर खडक फोडतो, हा समज अर्धाच खरा. विहिरींत तो चार-पांच फूट खोल छिद्रें पाडतो. फोडण्याचें काम त्यांत भरलेला सुरुंग करितो. सिमेंटचे रस्ते उखडणारें यंत्र ह्याचेंच भावंड, पण त्याची छिन्नी फिरत नाहीं. औसा तालुक्यांत खरोशाचीं लेणीं जांभ्या दगडांत हातानें कोरलेलीं आहेत. तीं पाहिलीं म्हणजे यंत्राचें कौतुक वाढतें कीं कमी होतें, हें आम्हांस अद्याप ठरवितां आलेलें नाहीं. आल्प्स पर्वतांतील मॉन सेनीचा बोगदा प्रथम हातानें खणीत होते. १८६१ पासून सोमेये ह्या अभियंत्यानें तेथें दाबलेल्या हवेचीं यंत्रें लाविलीं, आणि १८७१ त तो वाहतुकीस खुला झाला. अमेरिकेंत चार्ल्स ब्रेडी किंग ह्यानें हवेच्या हातोड्याचें पेटंट १८९४ त घेतलें.

पण त्या देशांतील खाणकामगार कोरड्या छिद्रयंत्रास ‘विधवा करणारें यंत्र’ म्हणत. कारण धूळ. दगडांतील गारेची बारीक भुकटी फुप्फुसांत बसली कीं निघत नाहीं. पुढें पोकळ छिन्नींतून पाणी सोडूं लागले, तेव्हां ती धूळ चिखल होऊन खालींच राहूं लागली. आमच्या काळ्या पाषाणांत सुटी गार फार थोडी, हें एक बरें. पूर्वेकडील ग्रॅनाइटांत मात्र ती पुष्कळ आहे, आणि कंत्राटदाराचें यंत्र दोन्हीकडे तेंच हिंडतें.

दुसरी बाधा हातांची. १९१८ त डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन ह्या बाईंनीं इंडियाना प्रांतांतील बेडफर्ड येथें पाथरवटांचे हात तपासले. हवेचा हातोडा धरणाऱ्यांचीं बोटें थंडींत पांढरीं व बधिर होत, असें त्यांस आढळलें.

हें आम्हीं वर्गांत सांगितलें, तेव्हां मागच्या बांकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “आमच्या अण्णांचीं तशींच होतात.” विहिरींत यंत्र धरून उभे होते ते त्याचेच वडील, हें त्या दिवशीं त्यानें आम्हांस सांगितलें नव्हतें. आम्हीं त्यांस निरोप पाठविला कीं, छिद्राच्या तोंडाशीं पाणी ओतीत जावें, नाकावर ओला पंचा बांधावा, आणि बोटांकरितां सरकारी दवाखान्यांत दाखवावें. आठ दिवसांनीं मुलानें उत्तर आणिलें: पाणी ओततात, पंचाहि बांधतात, दवाखान्यांत विहीर उतरल्यावर जातील.