दुसऱ्यानं अर्धी सोडलेली गाडी

इंग्लंडमधली अर्धवट किट कारची, म्हणजे सुट्या भागांतून स्वतः जुळवायच्या गाडीची, कुठलीही जाहिरात वाचा, तीत एक वाक्य हमखास असतं: 'नव्वद टक्के काम झालेलं, फक्त शेवटचा हात फिरवायचा आहे.' इथल्या मराठी मंडळींपैकी पाना-पकडीची आवड असलेले बरेच जण अशी गाडी घेण्याबद्दल मला विचारतात. मी एक घेतली, पुरी केली, आज चालवतो. याच्याइतका आनंद देणारा छंद मला दुसरा ठाऊक नाही. म्हणूनच विचारणाऱ्याला आधी सावध करावंसं वाटतं.

या हौसेचं मूळ १९५७ सालच्या लोटस सेव्हनपर्यंत जातं. कॉलिन चॅपमन यांची ही हलकी, दोन माणसांची गाडी सुट्या भागांतही विकली जाई, कारण तयार गाडीवर खरेदीकर लागायचा आणि सुट्या भागांवरचा वाचायचा. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत संपली. गॅरेजात स्वतःच्या हातानं गाडी जुळवण्याची ओढ मात्र टिकली. माझी गाडी त्याच घाटाची आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स जुन्या फोर्ड सिएराचे. आधीच्या मालकानं चॅसिसवर सस्पेन्शन, ब्रेक, इंजिन सगळं बसवलं होतं आणि मग गाडी कित्येक वर्षं शेडमध्ये झाकून ठेवली होती. दिसायला काम सुबक होतं.

गॅरेजात आणल्यावर मी ब्रेक पाइपचा एक सांधा उघडला. पाइपचं टोक ज्या आकारात फुलवायला हवं होतं, त्याऐवजी दुसऱ्याच प्रकारचा फ्लेअर काढलेला. असा सांधा आवळला की बसल्यासारखा वाटतो, आणि पेडलवर जोरात पाय पडला की गळू शकतो. मग मी सगळेच पाइप काढून नव्यानं केले. सस्पेन्शनचे बोल्ट चाकं लोंबकळत असतानाच घट्ट केलेले होते. रबरी बुश असलेले हे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळायचे असतात. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नायलॉनची कडी असलेले नट काढून पुन्हा तेच वापरलेले. यातलं काहीही बाहेरून दिसत नाही, फोटोत तर नाहीच.

तेव्हापासून माझा हिशेब बदलला. अर्धवट गाडीची किंमत ठरवताना झालेल्या कामाचा एक पेनीही धरू नये. सुट्या भागांचा जुन्या बाजारात जो भाव येईल, तेवढीच तिची किंमत. कारण ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि वायरिंग तुम्हाला उकलून पुन्हा करायचंच आहे. भागही नीट पाहावेत. टायरवर चार आकडे असतात: २३०९ म्हणजे २००९ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. खाचा कोऱ्या असल्या तरी तो टाकून द्यायचा. इंजिन वर्षानुवर्षं बंद असेल तर स्पार्क प्लग काढून, क्रँकच्या पुलीला पाना लावून ते हातानं फिरतं का, ते विकणाऱ्यासमोरच बघा. किट बनवणारी कंपनी अजून चालू आहे का, हेही विचारा. हा धंदा लहान आहे, कंपन्या हात बदलतात, बंद पडतात, आणि मग विंडस्क्रीनची एक चौकट मिळवायला महिने जातात.

पण लोखंडापेक्षा कागद महाग पडतो. अशा गाडीला रस्त्यावर येण्यासाठी आयव्हीए नावाची तपासणी पार करावी लागते. तपासणारा अगदी बारीक पाहतो: माणसाला लागू शकेल अशी बाहेरची प्रत्येक कड निदान अडीच मिलिमीटर त्रिज्येची गोलाई दिलेली हवी, उघड्या नटांवर टोप्या हव्यात. हे सगळं हातानं जमतं. इंजिन कोणत्या साली बनलं हे मात्र हातानं सिद्ध करता येत नाही, आणि धुराचे निकष त्याच सालावर ठरतात. सिएराचं नोंदणीपत्र, म्हणजे इथलं व्ही५सी, 'घरात कुठंतरी आहे, पाठवतो' असं मला सांगितलं होतं. ते कधीच आलं नाही. मी नोंदणी केली तेव्हाच्या नियमानं, नव्या चॅसिसवर एकाच जुन्या गाडीचे दोन मुख्य भाग असल्याचा पुरावा दिला, की त्या गाडीच्या वयाचा नंबर मिळे. माझ्याकडे पुरावा नव्हता, म्हणून क्यू अक्षरानं सुरू होणारा नंबर मिळाला. हा नंबर म्हणजे गाडीच्या वयाची किंवा ओळखीची खात्री नाही, अशी जाहीर खूण. काही विमा कंपन्या तो पाहूनच मागे सरतात आणि विकताना भाव पडतो. इतकं मनापासून केलेलं काम, आणि एका कागदापायी त्याला बट्टा लागला, याचं मला आजही वाईट वाटतं.

गावाकडूनही विचारणा होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असं काम करणारे हात भरपूर आहेत. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल वाचल्याशिवाय तिथं चॅसिसला हात घालू नका. उत्पादकाच्या मूळ रचनेपासून ढळणाऱ्या बदलांना त्यात मज्जाव आहे.

इथं असाल आणि मन खरंच ओढ घेत असेल, तर जरूर घ्या. वॉरिकशरमध्ये स्टोनलीला किट कारचं प्रदर्शन भरतं, तिथं आधी बांधून झालेल्या गाड्या आणि त्या बांधणारी माणसं बघा. मग विकणाऱ्याकडे जाऊन जुन्या गाडीचं नोंदणीपत्र, इंजिनची पावती आणि बांधणीचे फोटो मागा. हे हातात पडेपर्यंत बयाणासुद्धा देऊ नका. आणि सोबतीला कोणी हवं असेल तर मला कळवा, बॅटरी आणि पाने घेऊन मी येईन.