वीज उन्हात नाही, वाऱ्यात गेली

ऐन दुपारी, लख्ख उन्हात, आमची सोलर कार रस्त्याच्या कडेला थांबली. बॅटरी रिकामी. आठ महिने खपून आम्ही ती बांधली होती. सगळ्यांनी पॅनेलवर खापर फोडलं, मीही. मीटर लावून एकेक पॅनेल तपासलं. ती चोख निघाली.

चूक वेगाची होती आणि वेग मी ठरवला होता. सरावात गाडी ताशी ४० किलोमीटरने छान चालली, म्हणून त्या दिवशी ६० चा आग्रह धरला. दीडपट वेगाला दीडपट वीज, असं गृहीत धरलं. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो रेटायला लागणारी वीज घनाने. दीडचा घन जवळजवळ ३.४. ४० ला हवेपायी सुमारे ४०० वॅट जायचे, ६० ला १,३०० च्या वर गेले. टायरचं घर्षण वेगळं. आणि छतावरून मिळत होते जेमतेम ६०० वॅट! त्यात वारा समोरून. ४० ने जाताना समोरून १५ चा वारा असेल, तर हवेच्या लेखी तुम्ही ५५ ने जात असता.

ऑस्ट्रेलियातली डार्विन ते अ‍ॅडलेड सौर शर्यत पहिल्यांदा झाली १९८७ साली आणि ती 'सनरेसर' या गाडीने जिंकली. सुमारे ३,००० किलोमीटर, सरासरी ताशी ६७. तिचा ड्रॅग कोएफिशंट, म्हणजे आकारामुळे हवा किती अडवते ते सांगणारा आकडा, अवघा ०.१२५ होता. आमच्या गाडीची चाकं उघडी होती आणि पाठ कापल्यासारखी सपाट. नाक टोकदार करण्यात आम्ही महिना घालवला. खरं तर हवा मागे निमुळत्या अंगावरून अलगद सुटणं जास्त महत्त्वाचं. पाठ सपाट असली की मागे भोवरे उठतात आणि गाडीला मागे खेचतात.

तुम्ही अशी गाडी बांधत असाल, तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर ती ५० पर्यंत न्या आणि मोटर बंद करून सोडून द्या. ब्रेकमधून वीज परत घेण्याची सोय असेल, तर तीही बंद ठेवा. वेग कसा उतरतो ते दर सेकंदाला टिपा, त्यावरून विरोध किती ते कळतं. हेच उलट्या दिशेनेही करा, म्हणजे वारा आणि चढ-उतार यांचा परिणाम बराचसा वजा होतो. गाडीच्या अंगावर लोकरीच्या धाग्यांचे तुकडे चिकटवून चालत्या गाडीचं चित्रण करा. जिथे धागे फडफडतात, तिथे वीज जाते. चाकं झाका, फटींवर टेप लावा. नवं पॅनेल विकत घ्यायचं ते त्यानंतर.